यंत्राच्या उत्तराला साखळी कुठे?

महोदय,
रमजानमध्ये इफ्तारनंतर पुतण्याने मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला जकातीविषयी, म्हणजे इस्लाममधील बंधनकारक दानाविषयी, विचारले. उत्तर सफाईदार मराठीत आले, सोबत एक हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचनही आले, पण मशिदीतल्या मौलानांना ते कोणत्याच संग्रहात सापडले नाही. हदीसशास्त्रात वचनाइतकेच महत्त्व ‘इस्नाद’ला, म्हणजे ते कोणी कोणाकडून ऐकले या साखळीला असते, आणि त्यातला एक माणूस जरी बेभरवशाचा निघाला तरी वचन दुबळे ठरते, यंत्राच्या उत्तराला तर साखळीच नसते. खातरजमा न करता बातमीवर विसंबून कोणाचे नुकसान करू नका, असे कुराणातील ‘अल-हुजुरात’ या सूरेची सहावी आयत बजावते. मराठी-कन्नड वादात बनावट आवाजाची एखादी चित्रफीत पुरेशी ठरावी अशा आमच्या सीमाभागात ही आयत मला फारच जवळची वाटते. जानेवारी २०२३ मध्ये व्हॅटिकन येथे इस्लामी धर्मपंडित शेख अब्दुल्ला बिन बय्या यांनी ज्यू व ख्रिस्ती प्रतिनिधींसह ‘रोम कॉल’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिमत्तेविषयीच्या जाहीरनाम्यावर सही केली, त्यात पारदर्शकता आणि उत्तरदायित्व आहे. मात्र फतव्यामागे जसा तो देणारा धर्मपंडित, म्हणजे मुफ्ती, उभा असतो, तसे यंत्रामागे कोण, हे त्याने सुटत नाही. जकातीचा हिशेब पुतण्याने अखेर मौलानांसमोर बसून वहीत मांडला.
– एक वाचक, खडेबाजार, बेळगाव