नव्या आवृत्तीने जुनी किल्ली सुरक्षित होत नाही

दूरच्या सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडणी करून देणाऱ्या ‘पुटी’ या सॉफ्टवेअरमधील त्रुटीविषयीच्या आपल्या वृत्तात ‘नवी आवृत्ती घेतल्यास धोका टळतो’ असे म्हटले आहे. हे अपुरे आहे, आणि ते वाचून अनेक जण निर्धास्त होतील याची मला काळजी वाटते. ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत पी-५२१ प्रकारच्या डिजिटल किल्लीने (म्हणजे ओळख पटवणाऱ्या गुप्त संकेताने) डिजिटल स्वाक्षरी करताना दर वेळी जो गुप्त अंक निवडला जाई, त्याचे पहिले ९ बिट कायम शून्य असत. अशा साधारण ६० स्वाक्षऱ्या हाती लागल्या, की त्यांवरून फक्त मालकाकडे असायला हवी ती खासगी किल्लीच गणिताने काढता येते. एप्रिल २०२४ मधील ०.८१ आवृत्तीने पुढच्या स्वाक्षऱ्या सुरक्षित केल्या. आधीच बाहेर गेलेल्या परत कशा घेणार? गिट (प्रोग्रामच्या कोडमधील बदल नोंदवणारी प्रणाली) वापरणाऱ्या सार्वजनिक प्रकल्पांतील स्वाक्षऱ्या तर कोणालाही उतरवून घेता येतात. म्हणून त्या प्रकारची जुनी किल्ली प्रत्येक सर्व्हरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमधून (प्रवेशाची परवानगी असलेल्या किल्ल्यांच्या यादीतून) काढून टाकून नवी तयार करणे अपरिहार्य आहे. (इतर प्रकारच्या किल्ल्यांना हा दोष लागू नाही, हेही वृत्तात यायला हवे होते.) ही दुरुस्ती मूळ वृत्ताइतक्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

– एक वाचक