पत्र्याखाली राहणाऱ्यांनी दुपारी जायचं कुठे?

संपादक महोदय,

उष्णतेच्या लाटेचा इशारा आला की 'दुपारी घराबाहेर पडू नका' ही सूचना ठरलेली. पण घरच पत्र्याचं असेल तर? मी पर्वतीजवळच्या जनता वसाहतीत राहते, घरीच फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. एप्रिलात दुपारी पंखा नुसती गरम हवा फिरवतो, घामाचे डाग पडू नयेत म्हणून गिऱ्हाइकाच्या कापडाखाली पंचा अंथरून शिवावं लागतं. सासूबाई डोक्यावर ओला रुमाल घेऊन दाराशी बसून असतात. त्यांना रक्तदाब आहे, वय झालंय. उन्हाळा अशा माणसांनाच आधी गाठतो. रात्रीही भिंती तापलेल्याच, अंगाला उसंत नाही.

मैदानी भागात पारा ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला की हवामान खातं लाट धरतं. पण तो पारा मोकळ्या हवेतला, सावलीतला. आमच्या पत्र्याखालचा त्या हिशेबात येत नाही.

अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवली. पुण्यातही वस्तीवस्तीत हे काम मार्चआधी व्हावं. तोवर एक बिनखर्चाची गोष्ट करता येईल. बहुतेक सार्वजनिक बागांना भर दुपारी कुलूप असतं, म्हणजे सावली हवी तेव्हाच बंद. एप्रिल-मे महिन्यांत तरी त्या दुपारी उघड्या ठेवाव्यात, पिण्याच्या पाण्याची सोय करून.

– एक शिवणकाम करणारी वाचक, पुणे