पॉइंट टू-टूच का घेतली

क्रॉमवेल, न्यूझीलंड
सप्टेंबरअखेर

तीर्थरूप अण्णाकाकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी रायफल घेतली हे कळल्यावर "एवढ्याशा गोळीनं काय होणार?" असं तुम्ही विचारलंत म्हणे. बाबांनी फोनवर सांगितलं. आईला तर घरात बंदूक आहे याचीच धास्ती. दोघांनाही सविस्तर सांगायचं म्हणून लिहायला बसलो.

मी काम करतो ती चेरीची बाग डोंगराच्या पायथ्याशी आहे. आपल्याकडे वानरं आणि डुकरं जे करतात, ते इथे ससे करतात. हे ससे मुळात इथले नव्हेत. एकोणिसाव्या शतकात गोऱ्यांनी खाण्यासाठी आणि शिकारीसाठी आणून सोडले. ते इतके माजले की १८७६ मध्येच सरकारला त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला. १९९७ मध्ये याच भागातल्या शेतकऱ्यांनी सरकारी परवानगी नसताना सशांच्या रोगाचा विषाणू पसरवला. पुष्कळ ससे मेले, पण वाचले त्यांच्या पुढच्या पिढ्या त्या रोगाला दाद देईनाशा झाल्या. मादीला महिन्याभरात पिलं होतात आणि लगेच ती पुन्हा गाभण राहते. कोवळ्या कलमाची साल बुंध्याशी गोल कुरतडली की ते उभ्या उभ्या वाळतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं सशाला हात लावता येत नाही. इथे उलट, ज्याची जमीन त्यानंच ससे आटोक्यात ठेवायचे असा नियम आहे. मोठ्या माळावर विष घालतात, पण आमच्या बागेला लागून घरं आहेत, कुत्री मोकळी फिरतात. म्हणून इथे बंदूकच बरी.

आता गोळीबद्दल. तुमच्या ठासणीच्या बंदुकीत दारू, छर्रे आणि वर केप (ठिणगी पाडणारी टोपी), सगळं वेगवेगळं. माझ्या रायफलीच्या रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला पितळी बुडाच्या कडेतच भरलेला असतो. घोड्याचा टोला त्या कडेवर बसतो आणि बार होतो. उडालेलं काडतूस हातात घेतलं की कडेला नखाएवढा चेप दिसतो. ते पुन्हा भरता येत नाही, पण मुळात स्वस्त असतं. पॉइंट टू-टू (म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीच्या गोळीचं) लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय. शिसाची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची.

दुकानात तीन पर्याय होते. एक हा. दुसरा पॉइंट टू-टू मॅग्नम, जो मला ना धड इकडचा ना तिकडचा वाटला. तिसरा पॉइंट वन-सेव्हन एचएमआर, २००२ मध्ये निघालेला. त्याची गोळी ग्रॅमभराची, पण सेकंदाला पावणेआठशे मीटर धावते. दीडशे मीटरवरचा ससा ती सहज टिपते. शिवाय कशालाही आदळली की तिचा चुरा होतो, त्यामुळे दगडावरून उसळून भलतीकडे जाण्याचा धोका कमी. हा तिचा मोठा गुण, आणि त्यासाठी मी बराच विचार केला. पण वाऱ्यात ती बाजूला सरकते, काडतुसं कितीतरी महाग, आणि आवाजापेक्षा वेगानं जात असल्यानं सायलेन्सर लावूनही कडाका उठतोच. इथे सायलेन्सर कायदेशीर आहे, बहुतेक जण लावतात.

माझे ससे असतात चाळीस-पन्नास मीटरवर, झाडांच्या ओळींत. तिथे टू-टूची सबसॉनिक गोळी पुरेशी आहे. सेकंदाला सव्वातीनशे मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खालीच. एक ससा पडला तरी पलीकडचा चरतच राहतो, शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. मात्र ती शंभर मीटरवर साधारण वीतभर खाली उतरते. म्हणून साठ मीटरच्या पुढे मी चाप ओढत नाही. जखमी होऊन बिळात शिरलेला ससा तिथे तडफडत मरतो. ते मला अजिबात चालत नाही. डोक्याचा नेम मिळाला तरच बार, नाहीतर जाऊ दे.

अण्णाकाका, गोळी लहान म्हणून तिला कमी लेखू नका. ही अडीच ग्रॅमची गोळी दीड किलोमीटरपर्यंत घात करू शकते, आणि पाण्यावरून किंवा टणक जमिनीवरून उसळते. सशाच्या मागे मातीचा बांध किंवा उतार दिसला तरच मी मारतो. टेकाडाच्या कडेवर, मागे नुसतं आभाळ असलेला ससा कधीच नाही. केप चढवलेली बंदूक अंगणात आणायची नाही, हा तुमचा दंडक मला इथल्या परीक्षेत कामी आला.

रायफल सीझेड या कंपनीची घेतली, बोल्टची. प्रत्येक बारानंतर हातानं बोल्ट (मागचा सरकता खटका) मागे ओढून नवी गोळी आत घालावी लागते. आपोआप भरणाऱ्याही मिळतात, पण हिच्यामुळे प्रत्येक गोळीआधी माणूस थांबतो. मला तेच हवं होतं. दुर्बिणीचा नेम पन्नास मीटरवर बसवला. त्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं आणून कागदावर पाच-पाच मारून पाहिली. एकीच्या गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या, दुसरीच्या तळहातभर पसरल्या. रायफल तीच, दिवस तोच! प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. विकत घेताना हे कुणी सांगत नाही, ते स्वतःच शोधावं लागतं.

आईला सांगा, परवाना सहज मिळालेला नाही. लेखी परीक्षा झाली, घरी येऊन कपाट तपासलं, माझ्याबद्दल हिलाही वेगळं विचारलं. पहिला परवाना पाच वर्षांचाच. रायफल लोखंडी कपाटात, बोल्ट काढून दुसरीकडे, काडतुसं तिसऱ्या कुलपात. किल्ल्या फक्त माझ्याकडे.

पुढच्या वर्षी डोंगराच्या अंगाला नवी लागवड होणार आहे. तिथे अंतरं मोठी आणि खाली दगड, तेव्हा वन-सेव्हन लागेल असं मालक म्हणतात आणि मलाही पटतं. याच रायफलला ती नळी बसते, त्यामुळे नवी घ्यायला नको. निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केलेली तुमची बंदूक परत मिळाली का, आणि काजूवर यंदा वानरांचा त्रास कितपत आहे, ते कळवा. काकूंना नमस्कार.

आपला पुतण्या,
सुहास