विषय : लॉबीतल्या फिश टँकवरचे ओरखडे आणि त्याबद्दल लागलेली नोटीस

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित

स. न. वि. वि.

लिफ्टशेजारी लागलेली नोटीस वाचली. टँकची काच मुलांनी किल्ल्यांनी खरवडली, यापुढे पालकांकडून ५०० रुपये दंड घेतला जाईल, असं तीत लिहिलंय. रविवारी सकाळी मी टॉर्च घेऊन टँकपाशी बसलो. बाहेरून नख फिरवलं तर काच गुळगुळीत, नख कुठेच अडकत नाही. मग झाकण काढून हात आत घातला, तर नख पटापट अडकलं. ओरखडे आतल्या बाजूला आहेत. झाकणापर्यंत हात पोहोचणारं एकही मूल आपल्याकडे नाही. शिवाय पितळी किल्ली काचेपेक्षा मऊ असते, तिने काचेवर असे चरे पडत नाहीत.

सगळे ओरखडे वाळूच्या दोन बोटं वरून सुरू होतात आणि कमानीसारखे वर जातात. दर शनिवारी शेवाळ काढताना आपण मॅग्नेट, म्हणजे घासायचं पॅड लावलेलं चुंबक, फिरवतो तेव्हा हात असाच फिरतो. मॅग्नेट रात्रंदिवस आतच, तळाशी ठेवलेलं असतं. टँकमधली वाळू गच्चीच्या कामातून उरलेली, चाळून घातलेली. तिच्यातले काळे कण चुंबकाला चिकटतात, आणि त्यांच्यासोबत पॅडमध्ये रुततात गारगोटीचे कण, जे काचेहून कठीण असतात. मी पॅड उलटं करून चिमटीने उकरलं, तर तीन कण निघाले. ते कागदाच्या पुडीत ठेवलेत, हवे तर दाखवतो.

हे मॅग्नेट गेल्या वर्षी मीच आणून दिलं होतं, हेही सांगून टाकतो.

आता ओरखडे घालवायला आलेल्या पॉलिशच्या कोटेशनबद्दल. टँक भरलेला ठेवून बाहेरून बफिंग करू, असं त्यात आहे. ओरखडे आत आणि पॉलिश बाहेर, म्हणजे पाठ खाजते म्हणून पोट खाजवायचं. आतून करायचं तर सिरियम ऑक्साइडची, म्हणजे काच पॉलिश करायची, पावडर आणि नमद्याचं चाक लागतं. त्यासाठी सुमारे अडीचशे लिटर पाणी उपसावं लागेल, मासे टबात हलवावे लागतील. चाक एका जागी जास्त वेळ फिरलं की काच तापून तडकू शकते. तडकली नाही तरी नखाला लागेल इतका खोल चरा घालवायला तिथली काच घासून खोलगट होते, आणि मग त्यातून एंजल मासा जत्रेतल्या आरशातल्यासारखा दिसतो. ग्रुपवर कुणी टूथपेस्ट सुचवली होती, ती मेहेरबानी करून दातांनाच लावावी.

माझ्या मते काच आहे तशी राहू द्यावी. हे नुसते चरे आहेत, तडा नाही, कोपऱ्यातलं सिलिकॉनही शाबूत आहे. पाण्याखालचे चरे तसेही फिके दिसतात. ठळक दिसतात ते पाण्याच्या रेषेवरचे, म्हणून पातळी दोन इंच वाढवावी. बाकीचे हिरवे दिसतात, कारण चऱ्यात शेवाळ धरतं, आणि शेवाळ येतं कारण टँकचा दिवा वॉचमनच्या सोयीसाठी रात्रभर चालू असतो. टायमर लावून तो आठ तासांवर आणावा. काच जुन्या एटीएम कार्डाने पुसावी, मॅग्नेट बाहेर खिळ्याला टांगावं. उजवीकडचे पांढरे डाग ओरखडे नाहीत, टँकरच्या पाण्याचा क्षार आहे. ते पाण्याच्या वर आहेत, व्हिनेगर लावलेल्या फडक्याने जातील, फक्त थेंब आत पडू देऊ नये.

नोटीस मात्र आजच काढावी. ए विंगमधला पाच वर्षांचा मुलगा शाळेतून आला की टँकला नाक लावून सकर मासा शोधायचा. परवा पाहिलं, तर दोन हात पाठीमागे बांधून लांब उभा होता.

दंड घ्यायचाच असेल तर ५०० रुपये माझ्या पुढच्या मेंटेनन्स बिलात लावावेत.

कळावे,
आपला,
बी विंग, तिसऱ्या मजल्यावरील सभासद