शाळेत कॅम्प लागायच्या आधी

पुणे, १८ मे

प्रिय सुमे,

मुख्याध्यापिका झालीस, पेढे खायला मी येणारच आहे. पण खुर्ची नीट गरम व्हायच्या आतच मान्सूनपूर्व बैठकीत तहसीलवाल्यांनी "पाणी वाढलं तर तुमची शाळा निवारा केंद्र" असा कागद हातात ठेवला म्हणे! हसू पण आलं आणि तुझी दयाही आली. २००५, २०१९, २०२१. पंचगंगा आणि कृष्णा एकदम फुगल्या की आपल्या शाळेचे वर्ग पूरग्रस्तांना, हे ठरलेलंच.

मेसेजमध्ये तू विचारलंस, बायका-पोरींच्या सुरक्षेचं नेमकं काय बघायचं, चार ओळींत सांग. आणि त्याच दमात म्हणालीस, "आपल्याकडं तसलं काही होत नाही म्हणा, सगळी ओळखीचीच माणसं असतात." सुमे, काळजी वाटते ती या दुसऱ्या वाक्याची. देशात दरवर्षी बलात्काराचे जे गुन्हे नोंदले जातात, त्यांत दहातल्या नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो. शेजारचा, नात्यातला, लग्नाचं आमिष दाखवणारा. मग एकेका वर्गात आठ-आठ कुटुंबं सतरंज्या टाकून झोपायला लागली की धोका कमी होतो का वाढतो, तूच सांग. आपत्तीत काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मोठ्या संस्थांनी मिळून २००५ साली याबद्दल मार्गदर्शक सूचना केल्या, २०१५ साली त्या सुधारल्या. त्यांचा पायाच हा आहे: तक्रार आली नाही म्हणजे काही घडत नाही असं समजू नका. घडतंय असं धरूनच पहिल्या दिवसापासून व्यवस्था लावा, पुरावे गोळा होण्याची वाट बघत बसू नका.

मी बांगलादेशात कॉक्स बझारला होते तेव्हाचं सांगते. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या माणसं सीमा ओलांडून बांगलादेशात आली आणि कुटुपालाँगच्या टेकड्यांवर झाडं तोडून, माती कापून रातोरात वस्ती उभी राहिली. संडास घाईघाईत बांधलेले. एका बाईनं मला तिच्या भागातला संडास दाखवला. बांबूचा सांगाडा, त्यावर ताडपत्री, दाराला आतून लावायला एक वाकवलेली तार, आणि तीही निघून आलेली. आई आत गेली की पोरगी बाहेर दार धरून उभी, पोरगी गेली की आई. अंधार पडल्यावर दोघीही जायच्या नाहीत. रात्री जावं लागू नये म्हणून दुपारपासून पाणी प्यायचं नाही, संध्याकाळचं जेवण निम्मं करायचं. ही काही तिची एकटीची तऱ्हा नव्हती, कितीतरी बायका तेच करत होत्या. अंघोळ तर झोपडीच्या आतच, एका कोपऱ्यात लुंगीचा आडोसा करून.

आता आपल्या शाळेचे मुलींचे संडास आठव. ग्राउंड ओलांडून पार कुंपणाच्या कडेला. आपण दिवसाढवळ्यासुद्धा तिघी मिळून जायचो आणि एक जण दाराला पाठ लावून उभी राहायची. तिथं रात्री दोन वाजता, लाइट गेलेली असताना, सहा महिन्यांची गरोदर बाई एकटी कशी जाईल? आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे २०१६ चे किमान निकष आहेत. तीस माणसांमागे एक संडास, तो राहण्याच्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत, बायकांसाठी संडास-न्हाणी वेगळी, माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा. आंतरराष्ट्रीय निकष आणखी कडक, वीस माणसांमागे एक, आणि पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन. एवढे तुला जमणार नाहीत, मला माहिती आहे. पण वर्गखोल्यांच्या जवळ स्टाफचे जे संडास आहेत ते कॅम्प लागल्या क्षणी बायकांना देऊन टाक आणि पुरुषांना पाठव ग्राउंडपलीकडे. शिक्षक कुरकुरतील. कुरकुरू देत. प्रत्येक दाराला आतून कडी पाहिजे, आणि ती तू स्वतः आत जाऊन लावून बघ. पुरात वीज सगळ्यात आधी जाते, म्हणून सोलरचे दिवे आत्ताच मागून ठेव. आणि एक बारीक गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात नसते: संडासाच्या वाटेवरच्या दिव्याखाली मोबाइल चार्जिंगचा बोर्ड लावू नकोस. पोरं तिथंच अड्डा टाकतात, आणि मग उजेड असूनही पोरी तिकडं फिरकत नाहीत.

पण नुसत्या दिव्या-कड्यांनी सगळं भागतं असंही नाही. केनियात दादाब नावाच्या ठिकाणी सोमाली निर्वासितांचे मोठे कॅम्प आहेत. नव्वदच्या दशकात तिथल्या बायका सरपणाला रानात जायच्या आणि वाटेत त्यांच्यावर बलात्कार व्हायचे. म्हणून निर्वासितांसाठीच्या यंत्रणेनं लाकूडच पुरवायला सुरुवात केली. सरपण आणतानाचे हल्ले कमी झाले खरे. पण नंतर तपासलं तर इतर ठिकाणचे हल्ले वाढलेले दिसले. म्हणून बायकांना विचारल्याशिवाय काही ठरवू नकोस, आणि एकदा विचारून थांबू नकोस. रोज संध्याकाळी आशाताईंना घेऊन बायकांच्या वर्गांतून एक चक्कर मार. चहा, पाळीचे पॅड, पोरांचा खोकला, काहीही निमित्त चालतं. "काही त्रास आहे का?" असं विचारलं तर "नाही" हेच उत्तर येतं. "कुठं जायला भीती वाटते?" असं विचार, मग बोट दाखवतात.

आणि हे बायकांनीच चालवावं असं मी म्हणते ते उगाच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरच्या घरबांधणीत लातूर-उस्मानाबादच्या गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम शिक्षण प्रयोग' या संस्थेनं ते काम उभं केलं. कुणाचं घर कसं दुरुस्त व्हायचं, सिमेंट आलं का, पैसा कुठं अडला, हे सरकारी माणसाला त्या विचारायच्या. २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा यातल्याच बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. तुझ्या गावात बचत गट काय कमी आहेत? त्यांच्यातल्या चार खमक्या बायका आत्ताच हेरून ठेव.

मदतवाटप हा वेगळाच विषय. २०१९ ला पुण्या-मुंबईहून ट्रकच्या रांगा लागल्या होत्या, तू बघितलंस. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण ज्याच्या हातात पोतं, त्याच्या हातात सत्ता. २००२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया, गिनी आणि सिएरा लिओनमधल्या निर्वासित छावण्यांबद्दल एक अहवाल आला, आणि त्यात दिसलं की मदत वाटणारी माणसंच रेशनच्या बदल्यात पोरींकडून शरीर मागत होती. त्यानंतर २००३ ला संयुक्त राष्ट्रांनी आपल्या माणसांसाठी कडक नियम केला: मदतीच्या बदल्यात लैंगिक संबंध नाही, अठरा वर्षांखालच्या मुलीशी तर कुठल्याच कारणानं नाही. आपल्याकडं उघड असं कुणी मागणार नाही. पण "वहिनी, संध्याकाळी मागच्या खोलीत या, चांगल्यातलं ब्लँकेट काढून ठेवलंय" हे वाक्य तू ऐकलं नसशील असं मला वाटत नाही. वाटप दिवसाउजेडी, मोकळ्या जागेत, दोघांनी मिळून, त्यातली एक बाई. यादी भिंतीला चिकटवलेली. फळ्यावर मोठ्या अक्षरांत: सगळं मोफत आहे, बदल्यात कुणाला काहीही द्यायचं नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाचं नाव-नंबर रजिस्टरला, आणि वर्गात जाऊन फोटो काढायला सक्त मनाई. ओल्या गाऊनमधल्या बाईचा हातात बिस्किटपुडा घेतलेला फोटो व्हॉट्सॲपवर गावभर फिरतो, तेव्हा तिला काय वाटत असेल?

नवऱ्यांचं राहिलं. कॅम्पमध्ये सगळ्यात जास्त मार घरच्याच माणसाकडून बसतो. ऊस पाण्यात, म्हैस वाहून गेली, हाताला काम नाही, दारू मात्र कुठून तरी येतेच. सानुग्रह अनुदान कुटुंबप्रमुखाच्या नावावर, म्हणजे त्याच्याच खात्यावर, आणि त्यावरून पुन्हा भांडण. मारहाण दिसली की "नवरा-बायकोचं आहे" म्हणून मान फिरवू नका, एवढं तुझ्या शिक्षकांना सांगून ठेव. वर्गांची वाटणी करताना विधवा, एकट्या राहणाऱ्या बायका आणि नवऱ्याला सोडून आलेल्यांसाठी एक खोली वेगळी काढ, तुझ्या ऑफिसला लागून असलेली. अपंग मुली आणि तृतीयपंथी माणसांनाही त्या खोलीचा पर्याय दे. पोरग्यांवरही अत्याचार होतात, ते तर तोंडच उघडत नाहीत. आणि पूर ओसरल्यावर पंधरा-सोळाच्या पोरींची लग्नं गडबडीनं ठरायला लागतात, तिकडं डोळा ठेव. तुझ्या हजेरीपटावरच कळेल.

कॅम्प बायकांना असुरक्षित वाटला तर त्या तिथं येतच नाहीत. एप्रिल १९९१ मध्ये बांगलादेशात चक्रीवादळानं जवळपास एक लाख चाळीस हजार माणसं गेली, त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. कारणं बरीच होती. त्यातलं एक हे की परक्या पुरुषांच्या गर्दीत, आडोसा नसलेल्या निवाऱ्यात जायला त्या कचरल्या, घरातच थांबल्या. तुझ्या कडी-कोयंड्याचा संबंध असा थेट जिवाशी आहे.

आता समजा, झालंच काही. एखादी बाई तुझ्याकडं आली. दार लोटून घे, पाणी दे, ऐक. "तू तिथं गेलीसच कशाला?" हे तोंडातून निघता कामा नये. खोदून खोदून विचारायचं नाही, लिहून घ्यायचं नाही, दुसऱ्या शिक्षिकेला सांगायचं नाही. पुढं काय करायचं हे ती ठरवेल, आपण फक्त वाटा दाखवायच्या. पण घड्याळाकडं लक्ष ठेव. एचआयव्ही होऊ नये म्हणूनची औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी एकशेवीस तासांपर्यंत, म्हणजे पाच दिवस. म्हणून आधी दवाखाना. सरकारी असो की खाजगी, कुठलंही हॉस्पिटल मोफत उपचार नाकारू शकत नाही, नाकारणं हा गुन्हा आहे. "आधी एफआयआर आणा" म्हणायचा त्यांना अधिकार नाही. दवाखाना पोलिसांना कळवेल, पण तक्रार द्यायची की नाही हा निर्णय सज्ञान बाईचा. तपासणी तिच्या संमतीनंच, आणि बाईचे आधी कधी संबंध आले होते का हे बघणारी ती 'दोन बोटांची' चाचणी सर्वोच्च न्यायालयानं साफ बंद केली आहे. तक्रार द्यायची असेल तर हद्दीचा प्रश्न येत नाही, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र गप्प बसण्याची मुभा तुलाही नाही आणि मलाही नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं, आणि हे तिला बोलतं करण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

हे सगळं पुरात कसं करायचं? पाणी वाढलं की शिरोलीजवळ हायवे बंद पडतो, २०१९ ला आणि २०२१ लाही पडला. म्हणजे कोल्हापूर तुटलं. तेव्हा मिरज गाठता येतं का इचलकरंजी, कुठल्या पुलावरून, बोट कुणाची, हे आत्ता लिहून ठेव. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेट आणि एचआयव्ही आणि गर्भ टाळायची ही दोन्ही औषधं जूनच्या आधी साठ्यात आहेत का ते विचार. तातडीच्या मदतीचा ११२, बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या जिल्ह्याच्या सखी केंद्राचा नंबर संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. तिथं बाई एकटी असते, निवांत वाचते, कुणी बघत नाही.

आणि एक ऐक. अशा वेळी सरपंच, पोलीस पाटील, भावकी बसवून "गावातलं गावात मिटवू" म्हणणारे येतील, तेही चांगल्या मनानं. त्यांना चहा पाज आणि वाटेला लाव. ज्या बैठकीत ती बाई नाही आणि तिचं नाव मात्र दहा वेळा घेतलं जातं, ती बैठक तुझ्या शाळेत भरू देऊ नकोस.

बघ, चार ओळी म्हणाली होतीस. जूनच्या पहिल्या रविवारी मी येते, आपण दोघी मिळून शाळेला एक चक्कर मारू. संध्याकाळची वेळ ठेव, दिवे लागायच्या सुमाराला, म्हणजे कुठं अंधार राहतो ते कळेल. त्या बचत गटाच्या बायकांना बोलव, शक्य झालं तर आरोग्य केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनाही. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं, ते कळव. आणि हो, झुणका-भाकरी तुझ्या हातची, बाहेरचं काही मागवू नकोस.

तुझीच,
वैजू