सहा वर्षांचं दप्तर

निशी-कासाई, टोकियो
रविवार, 8 फेब्रुवारी 2026

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा पाकीट फोडतानाच म्हणतील. पण फोनवर आपलं बोलणं होतं कुठे? तुमचा दुपारचा साडेतीनचा चहा म्हणजे आमचे संध्याकाळचे सात. इकडे पोळ्या चाललेल्या असतात आणि धाकट्याला फोनचं लाल बटण दाबायची हौस. आई विचारते "जेवलात का", बाबा विचारतात "हवा कशी", मी "छान" म्हणते, आणि बटण दाबलं जातं. मला एक गोष्ट सलग सांगायची आहे. आणि खरं सांगायचं तर ती तुमच्या चेहऱ्यांकडे बघत सांगायचा धीर होत नाहीये.

गेल्या महिन्यात थोरलीसाठी शाळेचं दप्तर घेतलं. त्याला इथे रांदोसेरु म्हणतात. शब्द मुळातला डच, सैनिकांच्या पाठीवरच्या पिशवीचा. दिसतंही तसंच, कडक, पेटीसारखं, मोठं झाकण असलेलं. इथली माणसं ते वर्षभर आधी पसंत करून ठेवतात. आम्ही जानेवारीत उगवलो, त्यामुळे उरल्यासुरल्यातून निवडावं लागलं. तपकिरी मिळालं. किंमत बाबांनी बसून वाचावी : पंचावन्न हजार येन, म्हणजे तीस-बत्तीस हजार रुपये. हो, पहिलीतल्या पोरीच्या दप्तराला. मीही दुकानात दोनदा शून्यं मोजली.

दप्तराबरोबर हमीचं कार्ड आलं. विकणाऱ्या बाईंनी ते दोन्ही हातांनी, वाकून दिलं. सहा वर्षांची हमी. पहिली ते सहावी एकच दप्तर वापरायचं असतं, मधे फाटलं तर दुरुस्त करून देतात. मी कार्ड पर्समध्ये टाकलं, आणि परत येताना ट्रेनमध्ये मला विमानतळावरचं माझंच वाक्य आठवलं. "दोनच वर्षं गं आई, बघता बघता जातील."

आई, ती दोन वर्षं आता दोन राहतील असं वाटत नाही. किती होतील हे आम्हालाही ठाऊक नाही. पण एप्रिलपासून तिला इथल्या सरकारी शाळेत घालतोय, आणि तिथे रुळल्यावर तिला लगेच उपटून परत आणायचं आमच्या मनात नाही. हे तुम्हाला माझ्याकडून कळावं, मावशीकडून नको, म्हणून हे पत्र.

भारतीय शाळा इथे आहेत. इंग्रजी माध्यम, आपल्याकडचाच अभ्यासक्रम, आणि दोन वर्षांनी परतायचं असेल तर तेच शहाणपणाचं. येताना आमचंही तेच ठरलं होतं. परदेशी मुलांना इथे शाळेची सक्ती नाही, पण अर्ज केला की वॉर्ड, म्हणजे इथली पालिका, सरकारी शाळेत घेतो. फी नाही, पुस्तकं फुकट. अर्ज करून ठेवायला काय जातंय म्हणून केला. मग तिच्या नावाने तपासणीचं पत्र आलं, डोळे-दात-कान बघितले गेले, आणि आम्ही दोघं एकमेकांना काही न बोलता त्या वाटेला लागलो. असे निर्णय बसून, चर्चा करून घेतले जातात असं मला लहानपणी वाटायचं.

पण मन वळलं ते बालवाडीमुळे. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, गेल्या वर्षी एप्रिल ते जुलै ती तिथे एक शब्द बोलली नाही. एकही नाही. आपली पोपटपंची! घरी आली की दोन तास अखंड बडबड, आणि तिथे दातखीळ. बाई रोज वहीत लिहायच्या : "आज वाळूत खेळली. आज गाजर खाल्लं. आज बोलली नाही." तुमचे जावई ती वही फोनने भाषांतर करून वाचायचे आणि मला ऑफिसात फोटो पाठवायचे. मी दुपारी ते वाचून बाथरूममध्ये जाऊन यायची. कोणासाठी हे सगळं, असं वाटायचं. नोकरी माझी, बदली माझी, आणि गप्प ती.

मग एक दिवस वहीत आलं, आज बोलली. काय बोलली? "आतोदे." म्हणजे "नंतर". इथल्या मुलांचा एक ठरलेला मंत्र आहे. खेळणं हवं असेल तर "काशिते", म्हणजे "मला दे ना". समोरच्याने म्हणायचं "ईयो", घे. किंवा "आतोदे". तर हिच्या हातात लाल फावडं होतं, कोणीतरी मागितलं, आणि तीन महिने मौन पाळलेल्या तुमच्या नातीने पहिला जपानी शब्द उच्चारला तो नकाराचा. बाबा, हे कोणावर गेलंय ते मी लिहीत नाही.

त्यानंतर बांध फुटला. आता ती झोपेत जपानी बोलते. धाकट्याला जपानीत रागावते आणि आम्हाला मराठीत. परवा भूकंपाचा बारीकसा धक्का बसला तेव्हा आम्ही दोघं ओट्याजवळ बावळटासारखे उभे राहिलो, आणि हिने भावाला टेबलाखाली ओढून "दांगोमुशी, दांगोमुशी" केलं. हात लावला की गोल होणारा किडा असतो ना, तसं डोकं झाकून अंग मुडपायचं. बालवाडीत दर महिन्याला ही कवायत असते. 1 सप्टेंबरला तर सगळीकडेच, 1923 साली त्या दिवशी इथे महाभूकंप झाला म्हणून.

भूकंपाची बातमी लागली की बाबा नकाशा काढून बसतात, हे आईने सांगितलं. मग खरंच काळजी करायची तर पुराची करा. आमच्या एदोगावा वॉर्डाची सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. 2019 साली वॉर्डाने घरोघर पुराचे नकाशे वाटले, आणि त्यावर चक्क छापलं होतं की महापुराच्या वेळी इथे थांबू नका. आपल्याच रहिवाशांना इतकं सरळ सांगणारी पालिका मी दुसरी पाहिली नाही. आमचं घर नवव्या मजल्यावर आहे. पाण्याच्या बाटल्या, टॉर्च, मुलांचे कपडे, डाळ-तांदळाच्या पुड्या अशी पिशवी दाराशी भरून ठेवलेली आहे. बाबांची शिस्त म्हणायची.

या घराचीही एक गोष्ट आहे, फोनवर मी ती गाळली. सुरुवातीला एका एजंटाने आमच्यासमोर मालकांना फोन लावले. जपानी येत नसली तरी "गाइकोकुजिन" एवढा शब्द कळायला लागला होता : परदेशी. तो शब्द उच्चारला की पलीकडून काहीतरी यायचं आणि एजंट आमच्याकडे बघून ओशाळं हसायचा. अशी पाच घरं गेली. सहावं आम्ही पाहिलंच नाही. शेवटी यूआर नावाच्या निमसरकारी वसाहतीत मिळालं. तिथे जामीनदार लागत नाही आणि 'किल्लीचे पैसे' म्हणजे परत न मिळणारी नजराण्याची रक्कमही नाही. दोन हजार सालच्या सुमारास इथे आलेले आपले संगणकवाले याच कारणाने या भागात राहिले आणि मग मागून येणारे येत गेले. लिफ्टमध्ये कधी तेलुगू ऐकू येतं, कधी बंगाली, आणि एकदा "अगं, कोथिंबीर विसरले" असंही. बाबांना ते योगेंद्र पुराणिक आठवत असतील, 2019 साली टोकियोत नगरसेवक म्हणून निवडून आलेले. तो हाच वॉर्ड.

बाबा, तुमच्यासाठी एक गंमत राखून ठेवली होती. मी रात्री मुलीबरोबर त्यांची अक्षरं गिरवते. तक्ता पाहिला आणि हसायलाच लागले. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. तुम्ही पाठ करून घेतलेली बाराखडीच, फक्त 'च'च्या जागी 'स' बसलाय आणि 'प'च्या जागी 'ह'. संस्कृतची सिद्धम् लिपी शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम इथे आला म्हणे. क्रियापद शेवटी येतं तेही आपल्यासारखंच. वाक्य पूर्ण होईपर्यंत हो की नाही कळत नाही. सरकारी कार्यालयात याचा फार त्रास होतो.

आणि आईसाठी : आसाकुसाला मात्सुचियामा शोदेन म्हणून देऊळ आहे, तिथले देव म्हणजे आपले गणपती. मूर्ती झाकलेली असते, दर्शन नाही. नैवेद्याला काय, तर मुळा! पांढराशुभ्र, हातभर लांब. आम्ही तिथेच विकत घेऊन वाहिला. धाकटा म्हणाला, "बाप्पाला मोदक नाही दिले तर रुसेल." मी घरी येऊन रव्याचेच केले. तांदळाची पिठी इथे मिळते, पण तिची उकड माझ्याकडून चिकट होते.

जेवणाचं आता सांगूनच टाकते. एप्रिलपासून तिचं दुपारचं जेवण शाळेत. ते फुकट असतं, आणि मुलंच पांढरे अॅप्रन घालून एकमेकांना वाढतात. पण इथे जवळजवळ प्रत्येक रश्श्यात माशाचं पाणी असतं. वाळवलेल्या माशाचा कीस उकळून करतात, भाजी दिसली तरी आत तेच. डबा द्यायची परवानगी आम्ही मागू शकलो असतो. मागितली नाही. सगळ्या वर्गात एकटीने वेगळं खायचं, हे तिच्यावर लादायचं नव्हतं. मला माहीत आहे आई, तू हे वाचून पत्र खाली ठेवशील. पाणी पी, आणि मग पुढचं वाच.

कारण पुढचं तुमच्याबद्दल आहे. नोव्हेंबरात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते मला तीन दिवसांनी कळवलंत. "उगाच तिकडे काळजी." मी फोनवर काही बोलले नाही, पण रात्री झोपले नाही. तेव्हापासून तुम्हाला इथे आणायचे नियम वाचत बसले. साध्या नोकरीच्या व्हिसावर आई-वडिलांना राहायला आणता येत नाही. माझा व्हिसा 'उच्च कौशल्य'वाला आहे, त्यात शिक्षण-पगार वगैरे बघून गुण देतात आणि किमान सत्तर लागतात. त्यावर आई-वडिलांना आणता येतं, पण अटी ऐका. घरात सात वर्षांखालचं मूल हवं, त्याला सांभाळायला म्हणून यायचं. घरचं उत्पन्न वर्षाला 80 लाख येन हवं. आणि नवरा-बायको दोघांपैकी एकाच बाजूचे आई-वडील. मूल सात वर्षांचं झालं की हे कारण संपलं.

मी हे वाचलं, जावयांनी वाचलं, आणि दोन दिवस आम्ही भाजी काय करायची एवढंच बोललो. त्यांची आईही तिकडे एकटी आहे. ती कधी काही म्हणणार नाही. मुलगा बायकोच्या नोकरीमागे गेला, आठवड्याला 28 तासच काम करायची त्याला मुभा आहे, हे तिने चार नातेवाइकांत आधीच ऐकून घेतलंय. तिला कसं सांगायचं की गुण माझे, म्हणून माणसंही माझीच? आणि तुम्हाला तरी काय म्हणून बोलवायचं? धाकटा सात वर्षांचा होईपर्यंतचे सांभाळणारे? नव्या डोळ्यांनी बाबांनी तिथे बागेत बसून पेपर वाचावा, इथे नवव्या मजल्यावर भाषा न कळणाऱ्या टीव्हीसमोर बसू नये, असंही वाटतं. हे मी तुमच्यासाठी ठरवतेय की माझ्या सोयीसाठी, हे मला नीट सांगता येत नाही. तुम्हाला राहायला यायचं असेल तर मोकळेपणाने सांगा, मग दोन्ही घरचे मिळून काय ते बघू.

पण पाहुणे म्हणून या. पाहुण्यांना 90 दिवसांपर्यंत राहता येतं, आणि त्याला नातवंडांच्या वयाची अट नाही. तिचा शाळाप्रवेशाचा समारंभ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. आई-वडील काळे-निळे कपडे घालून जातात, मुलं नवी दप्तरं पाठीला लावून फाटकाशी फोटो काढतात. चेरी फुललेली असेल किंवा गळत असेल. जवळच ग्योसेन बागेत छोटं प्राणिसंग्रहालय आहे, फुकट. तिथे धाकटा रोज एका बकरीशी बोलतो. बाबांना बाक आहेत, आईला थंडी सोसेल अशी हवा असेल. स्वयंपाकघर मात्र माझं. तुम्ही हात लावायचा नाही, असा नियम कुठे नाही, पण मी घालते.

व्हिसाच्या अर्जाला नातं दाखवणारा कागद लागतो. माझा जन्मदाखला गोदरेजच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलीत असावा. त्यावर बाबांचं आडनाव पासपोर्टसारखंच लिहिलंय का ते बघा, आणि दोन्हींचे फोटो आजच पाठवा. आमंत्रणपत्र आणि हमीपत्र मी इथून पाठवते. वेळ फार थोडा आहे, हे दप्तर घेताना कळायला हवं होतं.

तुमची,
मनी

ता. क. दप्तराच्या झाकणाला आतून वेळापत्रक ठेवायला पारदर्शक कप्पा असतो. तिने त्यात तुमच्या दोघांचा गच्चीवरचा फोटो सरकवलाय. वेळापत्रक आलं की काढावा लागेल म्हटलं, तर म्हणाली, "आतोदे."