मार्चअखेरच्या आकड्यांवर विसंबू नये

संपादक महोदय,

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ४३ब(एच) या तरतुदीमुळे (मुदत उलटल्यास बिलाचा खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच खरेदीदाराच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो) सूक्ष्म व लघुउद्योगांची बिले आता वेळेवर चुकती होतील, हा आपल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष पटला नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पण मुदत चुकली तरी त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले की खरेदीदाराला पूर्ण वजावट मिळते. वडोदऱ्यातील मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील (जीआयडीसी) लघु कारखान्याचा माल १ जूनला स्वीकारून बिल २५ मार्चला चुकते केले, तर या तरतुदीचा खरेदीदाराला काहीच फटका नाही! उरते विलंबाचे व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट आणि मासिक चक्रवाढीने. ते मागणार कोण? पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने पुरवठादार गप्प बसतो, आणि या कायद्याची खरी दुखरी नस तीच आहे.

म्हणून ताळेबंदातील ३१ मार्चची थकबाकी पाहून केलेला अभ्यास दिशाभूल करतो. संशोधकांनी प्रत्येक बिलाचे स्वीकृतीपासून बँकेत जमा होईपर्यंतचे दिवस मोजावेत. पुरवठादारांनीही बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (सरकारकडील लघुउद्योग नोंदणीचा क्रमांक) छापावा, डिलिव्हरी चलनावर तारखेसह शिक्का घ्यावा. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरला जातो.

– एक करसल्लागार, वडोदरा